मोटार जळाली, हे ठरवण्याआधी

महोदय,

भोसरीच्या औद्योगिक परिसरातील लहान कारखान्यांत सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांच्या विद्युत दुरुस्तीचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. एखादा अक्ष, म्हणजे यंत्राचा एका दिशेने सरकणारा भाग, बंद पडला की ‘तो हलवणारी सर्वो मोटार गेली, नवी मागवा’ हा निर्णय ज्या घाईने घेतला जातो, त्याविषयी हे पत्र लिहीत आहे. कर्ज काढून एखाददुसरे यंत्र घेतलेल्या उद्योजकाला मोटारीची किंमत आणि ती येईपर्यंत खोळंबलेले जॉबवर्क हा दुहेरी भार सोसवत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यातील व्हर्टिकल मशीनिंग सेंटरचा (उभ्या स्पिंडलच्या, धातू कापणाऱ्या यंत्राचा) टेबल डावी-उजवीकडे नेणारा एक्स अक्ष ओव्हरकरंटचा (मर्यादेबाहेरच्या विद्युतप्रवाहाचा) अलार्म देऊन वारंवार थांबत होता. मोटारीला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हच्या बाजूने केबल सोडवून मेगर हे इन्सुलेशन तपासणारे उपकरण लावले, तेव्हा इन्सुलेशनचा रोध 1 मेगओहमपेक्षाही कमी आला आणि तेवढ्यावरून मोटारीचे वाइंडिंग (आतले तारांचे वेटोळे) जळाले असे ठरवून नव्या मोटारीचे कोटेशनही मागवले गेले होते. मी मोटारीकडचा कनेक्टर काढून मोटार वेगळी मोजली, तर रोध 100 मेगओहमच्या वर होता. दोष केबलमध्ये होता. सरकत्या केबल वाहून नेणारी साखळी, म्हणजे ड्रॅग चेन, उघडली, तेव्हा टेबल डाव्या टोकाला गेल्यावर केबलला जिथे सर्वांत जास्त बाक येतो, नेमके तिथेच आवरण घासून तांबे उघडे पडले होते आणि त्यावर कुलंटचा (धातू कापताना सोडायच्या थंडाव्याच्या द्रवाचा) पांढुरका, चिकट थर साचला होता. केबल बदलताच यंत्र त्याच दिवशी सुरू झाले. अलार्म टेबल त्या टोकाला गेल्यावरच येतो, हे ऑपरेटरला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याला कोणी विचारलेच नव्हते.

ओव्हरलोडच्या अलार्मची गोष्ट निराळी. त्यात पुष्कळदा विजेचा काहीच दोष नसतो. वंगणाची नळी तुंबलेली असते किंवा अक्ष सरकवणाऱ्या बॉलस्क्रूचे बेअरिंग धरलेले असते. मोटार आणि बॉलस्क्रू जोडणारे कपलिंग सोडवून मोटार एकटी फिरवावी. मोटारीवरचा भार दाखवणारा लोड मीटर खाली आला, तर दोष यांत्रिक बाजूला आहे. मात्र उभ्या अक्षावर ही चाचणी करण्यापूर्वी हेडखाली (स्पिंडल असलेल्या वरच्या जड भागाखाली) भक्कम लाकडी ठोकळा लावलाच पाहिजे, कारण हेडला तोलून धरणारा ब्रेक बहुधा मोटारीतच असतो आणि कपलिंग सुटताच हेड खाली येऊ शकते. पॅनेलची वीज बंद केल्यानंतरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब काही काळ टिकतो, म्हणून मीटरने खात्री केल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नये. ड्राइव्ह जोडलेला असताना 500 व्होल्टचा मेगर चालवला, तर धडधाकट ड्राइव्ह निकामी होऊ शकतो. मोटारीची स्थिती कळवणाऱ्या एन्कोडरच्या तारांना तर मेगर कधीच लावू नये.

दिवाळीच्या सुट्टीनंतर येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच एन्कोडरच्या बॅटरीच्या असतात. बॅटरी क्षीण झाल्याचा इशारा पडद्यावर आधीच आलेला असतो, तो दुर्लक्षिला जातो आणि यंत्र आठवडाभर बंद राहिले की अक्षाची मूळ स्थिती हरवते. ही बॅटरी यंत्राचा कंट्रोल चालू ठेवूनच बदलायची असते, एवढी साधी सूचना पॅनेलच्या दारावर लिहून ठेवली तरी पुढचा खोळंबा टळेल.

माझ्याकडे येणारी शिकाऊ मुले कष्टाळू आणि हुशार असतात, परंतु मोटार, केबल आणि ड्राइव्ह वेगवेगळे करून दोष कोठे आहे हे शोधण्याचा सराव त्यांच्यापैकी फारच थोड्यांना झालेला असतो. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाला माझी कळकळीची विनंती आहे की, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जुन्या यंत्रांचे सर्वो संच आणून, त्यांत मुद्दाम दोष ठेवून ते शोधण्याची प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी. कारखानदारांनीही प्रत्येक यंत्राजवळ एक वही ठेवावी आणि अलार्मचा क्रमांक, वेळ, त्या क्षणी अक्ष कोठे होता आणि लोड किती होता, हे ऑपरेटरकडून तिथल्या तिथे लिहून घ्यावे.

आपला,
एक यंत्रदुरुस्ती तंत्रज्ञ, भोसरी, पुणे