हाफला खेळणाऱ्या सईला

कोल्हापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज उतरलेला वाटला. सरांनी फुटबॉलच्या संघात फॉरवर्डवरून काढून हाफला, म्हणजे मधल्या फळीत घातलं, आता गोल दुसऱ्याच मारणार, असं म्हणालीस. समजूत काढायला म्हणून लिहीत नाही. मला खरंच ती जागा मैदानातली सगळ्यात मोठी वाटते, आणि ती कशी खेळावी ते योसेफ मासोपुस्त या जुन्या फुटबॉलपटूकडं बघून कळतं.

चेकोस्लोव्हाकियाच्या उत्तरेला, कोळशाच्या खाणींच्या मुलखात, मोस्त शहराजवळच्या एका खेड्यात १९३१ साली तो जन्मला. (ते खेडं पुढं खाणीतच गेलं.) तेप्लित्सेकडून खेळून तो प्रागच्या लष्करी क्लबात आला. तोच क्लब पुढं दुक्ला प्राग झाला आणि मासोपुस्तनं त्यांच्याकडून आठ वेळा लीग जिंकली. जागा लेफ्ट हाफ. मागं येऊन चेंडू काढून घ्यायचा आणि तोच चेंडू पायात ठेवून, एकेकाला हुलकावणी देत पुढं न्यायचा. बचाव आणि चढाई, दोन्ही त्याच्याच अंगावर. देशासाठी ६३ सामने खेळला, त्यात गोल फक्त १०. हा आकडा मुद्दाम सांगतोय.

१९६२ च्या वर्ल्ड कपमध्ये, चिलीतल्या विन्या देल मार शहरात, चेकोस्लोव्हाकियाची गाठ ब्राझीलशी पडली. लांबून फटका मारताना ब्राझीलच्या पेलेची मांडी धरली. तेव्हा बदली खेळाडू घेता येत नसे, त्यामुळं तो लंगडत मैदानातच राहिला. त्याच्याकडं चेंडू आला की मासोपुस्त समोर यायचा आणि थांबायचा. अंगावर जायचं नाही, चेंडू हिसकावायचा नाही; पेलेला चेंडू सावकाश सोडून देऊ द्यायचा. मासोपुस्तचे जोडीदार पोप्लुहार आणि लाला यांनीही तेच केलं. वर्ल्ड कपचा सामना, स्कोअर ०-०, समोर ब्राझील! पेले ही गोष्ट कधी विसरला नाही. मला ती कुठल्याही गोलापेक्षा मोठी वाटते.

त्याच ब्राझीलशी १७ जूनला सान्तियागोत फायनल झाली. १५ व्या मिनिटाला जोडीदार शेररचा पास आला, मासोपुस्त मागून धावत बचाव फोडून आत घुसला आणि गोलकीपर जिल्मारला चुकवून त्यानं पहिला गोल मारला. पुढं ब्राझीलनं तीन मारले. हरले, पण त्या वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा 'बॅलन डी'ओर' या हाफलाच मिळाला. दुसरा आला पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा युसेबियो. पुढच्या मार्चमध्ये बेनफिका प्रागला खेळायला आली, तेव्हा सामन्याआधी मासोपुस्तच्या हातात बक्षीस दिलं. युसेबियोनं हात मिळवला, यानं बक्षीस पिशवीत टाकलं आणि सामना झाल्यावर ट्रामनं घरी गेला, असं त्यानंच नंतर सांगितलं.

फायनलचं चित्रण नेटवर मिळतं. गोल बघशीलच, पण चेंडू पायात यायच्या आधी तो कुठून निघतो आणि कधी निघतो, ते थांबवून थांबवून बघ. रविवारी फोन कर. सरांनी तुला डावीकडं ठेवलंय की मधोमध, तेही सांग.

तुझा,
बाबा