तीनाचा सहा

प्रिय बाळा,

परवा फोनवर बोलताना मागे तू छकुलीला रागावलेलं ऐकलं. "किती वेळा सांगू, हा तीन नाही, सहा आहे!" फोन ठेवला आणि माळ्यावरून तुझी पहिलीची वही शोधून काढली. पानभर ३ च्या जागी ६, ६ च्या जागी ३. प्रत्येकावर माझी लाल फुली, आणि खाली माझ्याच अक्षरात 'लक्ष कुठे असतं?' तू रडत रडत ते पान पुन्हा लिहिलंस, तेही तसंच.

तुझं लक्ष होतं रे. कपाचा कान उजवीकडे असो की डावीकडे, कप तो कपच. बाजू बदलली तरी वस्तू तीच, हे मेंदूच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. ३ आणि ६ तर जवळजवळ एकमेकांची आरशातली रूपं. इथे मात्र आपण म्हणतो, हे दोन वेगळे. शिकलेलं मोडून नवं शिकायला वेळ लागणारच. सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास होतं.

लिपीला जेमतेम ५,००० वर्षं झाली. वाचनासाठी मेंदूत वेगळी जागा घडायला एवढा काळ पुरत नाही. म्हणून आपण वाचायला शिकतो तेव्हा डाव्या बाजूला, मागे खालच्या अंगाला, वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा अक्षरांच्या कामाला लागतो. १८९२ मध्ये ज्यूल देजरीन या फ्रेंच डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली. त्या गृहस्थांना एकाएकी वाचता येईना. वस्तू नीट ओळखू येत, बोलणं चांगलं, लिहिणंही जमे. पण स्वतः लिहिलेलं वाचता येत नसे. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या, मागच्या भागात इजा होती. मात्र अक्षराच्या वळणावरून हात फिरवला की ते अक्षर त्यांना ओळखू येई.

हे वाचलं आणि हातातलं पुस्तक मिटलं. तूही सहा लिहिण्याआधी तो हवेत बोटानं गिरवायचास, आणि मी म्हणायचे, "हवेत काय लिहितोस, वहीत लिही." डोळ्यांना न कळणारी दिशा तू हाताला विचारत होतास.

छकुलीला गिरवू दे. वाळूत, पाठीवर, हवेत, कुठेही. आठ-नऊ वर्षांची झाल्यावरही वाचन अडलं तर तज्ज्ञांना दाखव, पण आज रागावू नकोस. तुझी वही बाहेरच ठेवली आहे. येशील तेव्हा ते पान आपण दोघं मिळून बघू.

तुझी,
आई