आरोग्यमंत्री महोदय, आमचा श्वास मोजायची सोय कधी करणार? गलाई कामगाराच्या मुलीचं खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: तालुका पातळीवरच्या सरकारी रुग्णालयांत फुप्फुसाची तपासणी होत नसल्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. गेल्या आठवड्यात माझ्या चुलतभावाला धाप लागते म्हणून आमच्या भागातल्या एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेले. छातीला नळी लावली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, केसपेपरवर ‘ब्रॉन्कायटिस’ लिहिलं, गोळ्या आणि खोकल्याची बाटली दिली. मी विचारलं, फुंकायची टेस्ट करता का? मशीन आहे म्हणाले, पण ते कपाटात आहे. फुंकायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या संपल्यात आणि ज्या डॉक्टरांना ते चालवता येत होतं त्यांची बदली झाली. गेल्या वर्षी याच आवारात आरोग्य शिबिर झालं होतं. तेव्हा मंचावरून जाहीर झालं होतं की दिवाळीपर्यंत इथं फुप्फुसाच्या तपासणीचा विभाग सुरू होईल. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. दिवाळी गेली. जानेवारीत माझे वडील, आमचे आबाही गेले.

आबा गलाईचं काम करायचे. विटा, आटपाडी, तासगाव, पलीकडं खटाव-माण, या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. आबांची उमेद केरळात त्रिचूरला गेली. मोडीतले दागिने आणि सोनारांच्या दुकानातली झाडलोट भट्टीत वितळवायची, मग तेजाबात, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, टाकायची. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळतं, सोनं तळाशी राहतं. त्या वेळी पातेल्यातून तांबूस-पिवळा धूर उठतो. खोली लहान, झरोका एकच, तोंडाला बांधायला गमछा. तो वायू पाण्यात चटकन विरघळत नाही, त्यामुळं नाकाघशात फारसा न अडता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो आणि त्याचा त्रास कित्येकदा काही तासांनी सुरू होतो. माणूस तोवर जेवून झोपलेला असतो. हे मला आबांच्या शेवटच्या वर्षात कळलं. त्यांना तर कधीच कुणी सांगितलं नाही.

गावी परत आल्यावर त्यांना कोरडा खोकला लागला. जिना चढताना थांबायला लागले. पहिल्यांदा थुंकी तपासली, त्यात क्षयाचे जंतू निघाले नाहीत. एक्स-रेत डाग दिसतात म्हणून तरीही सहा महिन्यांचा क्षयाचा कोर्स दिला. आबांनी तो एकही दिवस न चुकवता घेतला. खोकला होता तसाच राहिला. मग दुसऱ्या दवाखान्यात दम्याचं निदान झालं. तिथं दम वाढला की स्टिरॉइडचं इंजेक्शन ठरलेलं. दोन दिवस बरं वाटायचं, साखर मात्र वाढत गेली. पुढं आणखी एकानं हृदयाचं आहे म्हणून ईसीजीची पट्टी काढायला लावली. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नवा एक्स-रे. आईचे डोरले सोडून बाकीचे दागिने याच काळात गेले. आयुष्यभर दुसऱ्यांचं सोनं गाळणाऱ्या माणसाच्या घरातलं सोनं असं गेलं, मंत्रिमहोदय, आणि तोवर त्यांचा श्वास एकदाही मोजला गेला नव्हता.

अखेर आम्ही मोठ्या शहरातल्या छातीच्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी आधी मशीनला हातच लावला नाही. विचारलं, “बाबा, आयुष्यभर काम काय केलंत?” इतक्या दवाखान्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला. आबा सांगत राहिले आणि डॉक्टर लिहीत राहिले. मग त्यांनी आबांचा हात हातात घेऊन नखं पाहिली. ती टोकाला फुगून गोल झाली होती. आम्ही ते रोज बघत होतो, वयामुळं असेल असं समजत होतो. पाठीवर खालच्या बाजूला नळी लावून त्यांनी मलाही ऐकवलं: श्वास आत घेताना चपलेचा वेल्क्रो पट्टा हळूहळू उघडावा तशी चरचर. दम्याची शिट्टी तिथं नव्हतीच. बसल्या जागी ऑक्सिजन 95 होता. इतके दिवस याच आकड्यावर ‘नॉर्मल आहे’ म्हणून आम्हाला घरी पाठवत होते. डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात सहा मिनिटं चालायला लावलं. आकडा 86 वर आला. या तपासणीला बोटाचं मशीन, घड्याळ आणि व्हरांडा लागतो. तुमच्या प्रत्येक रुग्णालयात हे तिन्ही आहे.

मग फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा लावतात, छाती भरून श्वास घ्यायला सांगतात आणि नळीत जोरात फुंकायला लावतात. शेजारी उभी असलेली मुलगी “सोडा, सोडा, अजून सोडा” म्हणून ओरडत होती, कारण श्वास पार संपेपर्यंत, सहाएक सेकंद, फुंकत राहावं लागतं आणि निदान तीन वेळा ते नीट जमावं लागतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली, याचं प्रमाण मशीन काढतं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध देऊन पुन्हा फुंकवतात. त्यानंतरही प्रमाण 70 टक्क्यांच्या खाली राहिलं तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत असं समजतात, तो सीओपीडी. औषधानं आकडा चांगला वर गेला तर दम्याकडं बोट जातं. आबांचं प्रमाण ठीक होतं, पण एकूण हवाच अपेक्षेच्या निम्म्यावर आलेली. म्हणजे नळ्या उघड्या होत्या, फुप्फुसच आक्रसलं होतं. एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन, काढल्यावर जाळं दिसलं. फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसात कायमचे वण पडून ते कडक होणं.

डॉक्टर म्हणाले, भट्टी आणि तेजाबच कारण आहे असं शपथेवर सांगता येणार नाही, पण हे काम आधी कळलं असतं तर ते आधीच सोडायला सांगता आलं असतं आणि दम्याची इंजेक्शनं टळली असती. क्षयाची औषधं आणि दम्याचे पंप यांचा या आजाराला उपयोग नव्हता. जे फुप्फुस गेलं ते परत येत नाही. पुढं ऑक्सिजनचं मशीन घरी आणलं. वीज गेली की आम्ही सिलिंडरसाठी धावायचो. शेवटी शेवटी आबा वाक्य पुरं करू शकत नव्हते. नातवाला हाक मारायची तर मध्ये श्वास घ्यावा लागायचा.

स्टेथोस्कोप 1816 सालचा आहे. स्पायरोमीटर 1846 साली लंडनच्या जॉन हचिन्सननं मांडला. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्यानं 1700 साली लिहून ठेवलं की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आणि आमच्या तालुक्यात 2020 नंतरही नळी लावायची, एक्स-रे काढायचा आणि अंदाज बांधायचा, एवढ्यावरच भागवायचं? सीओपीडीची सुरुवात असते तेव्हा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो. तो पाहून माणसाला घरी पाठवणं ही तपासणी होत नाही.

पैसा नाही हे मी ऐकून घेणार नाही. साधा स्पायरोमीटर लाखाच्या आत येतो. क्षयासाठी तुम्ही करून दाखवलंच आहे. गोव्यात तयार झालेल्या ट्रूनॅट मशीनवर थुंकीतला जंतू आणि औषधाला त्याची दाद, दोन्ही कळतं, आणि ते मशीन छोट्या केंद्रांतही चालतं. ते क्षयाला जमतं तर बाकीच्या फुप्फुसांना का जमत नाही? देशात सीओपीडीचे रुग्ण 1990 साली 2.8 कोटी होते, 2016 साली साडेपाच कोटी झाले. त्यात विडी-सिगारेटला कधी हात न लावलेली, जन्मभर चुलीपुढं बसलेली बाई किती असेल याचा विचार तुमच्या खात्यानं करावा. आणि आबांसारख्यांच्या आजारांची देशातल्या 1,084 रुग्णांची नोंद 2017 साली प्रसिद्ध झाली, त्यात 47 टक्क्यांना श्वासातून आत गेलेल्या कशाची तरी अ‍ॅलर्जी होऊन फुप्फुस बिघडलं होतं. आत काय गेलं ते विचारल्याशिवाय हे निदान होईल कसं?

विचारत नाही असंही नाही! आमच्या आशाताई घरी येऊन सीबॅक फॉर्म, म्हणजे कुणाला कोणत्या आजाराचा धोका आहे ते ओळखायचा सरकारी फॉर्म, भरून गेल्या. त्यात धाप लागते का हा प्रश्न आहे, स्वयंपाकाला इंधन कोणतं हा आहे, धूर-वायू-धुळीच्या ठिकाणी काम करता का हासुद्धा आहे. आबांच्या नावापुढं तिन्हीवर खुणा झाल्या. त्या बाईनं तुटपुंज्या मानधनात, उन्हातान्हात तिचं काम चोख केलं. पुढं त्या कागदाचं काय झालं? ज्या रुग्णालयाकडं तो जातो तिथं मशीन कपाटात असेल तर त्या बाईला दारोदार का हिंडवता?

15 ऑगस्ट 2023 पासून तुमच्या विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. त्याबद्दल आभार. पण जी तपासणी तिथं होतच नाही ती मोफत असून आमच्या काय कामाची? ती बाहेर विकतच घ्यावी लागते.

आणि हे एकट्या गलाईवाल्यांचं नाही. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. साठवून बुरसटलेल्या उसाच्या भुश्शामुळं फुप्फुसाला होणाऱ्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात, आणि 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव छापलेलं होतं. सूतगिरणीतल्या कापसाच्या धुळीच्या आजाराचंही होतं. मग आपल्या भागात कारखान्याच्या बगॅस यार्डात काम केलेल्या कुणाला हे निदान मिळून भरपाई मिळाल्याचं मी का ऐकलं नाही? कारण केसपेपरवर ‘दमा’ लिहिलं की कारखाना सुटतो, विमा सुटतो आणि सरकारही सुटतं. निदान न होणं कुणाकुणाला परवडतं ते एकदा बघा. ज्या जिल्ह्यात मिरजेचं मिशन हॉस्पिटल 1894 साली उभं राहिलं, जिथं वानलेसवाडीला क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं, तिथल्या माणसाला श्वास मोजायला तालुका सोडून जावं लागतं, याची लाज कुणाला तरी वाटायला हवी.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात चालू स्थितीतला स्पायरोमीटर हवा, फुंकायच्या नळ्यांचा साठा हवा आणि बदली झाली तरी काम अडणार नाही अशी दोन शिकवलेली माणसं हवीत. केसपेपरवर ‘व्यवसाय’ हा रकाना हवा आणि तो भरल्याशिवाय खोकल्याचं औषध लिहू नये असा आदेश हवा. धाप लागणाऱ्या प्रत्येकाला सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघा, याला तर टेंडरही लागत नाही. आणि दर महिन्याला एक दिवस मेडिकल कॉलेजचे छातीचे डॉक्टर तालुक्याला येऊ देत.

माझा चुलतभाऊ अजून चाळिशीचाही नाही. तोही त्याच भट्टीवर बसलाय. त्याचं फुप्फुस किती उरलंय हे मला आज कळायला हवं, तो सिलिंडरवर गेल्यावर नको.

या पत्राला उत्तर पाठवा. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ एवढंच लिहिणार असाल तर ते मला चालणार नाही. मशीन कपाटातून कोणत्या तारखेला बाहेर येईल आणि ते कोण चालवेल, तेवढं लिहा.

आपली,
गलाई कामगाराची मुलगी
खानापूर तालुका, जि. सांगली