चुन्याच्या रेघेत आलेलं तेंभराचं झाड

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा 'ओलितात आहे' म्हणून कापला. खोटं होतं ते. आई बरी आहे, गुडघे तेवढे धरतात.

परवा ई-क्लासवर, म्हणजे आपल्या चराईच्या सरकारी जमिनीवर, जेसीबी आला आणि तुझे आबा त्याच्या तोंडापुढं जाऊन बसले. घोंगडं अंथरून, निवांत. मागं बाया, बकऱ्या, सारा मोहल्ला. ड्रायव्हर पोरगं बिचारं "आजोबा, उठा ना" करत राहिलं, तर आबांनी त्यालाच तंबाखू मळून दिली!

दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून ऐक. ग्रामसभेत ठरावाला पहिला हात माझा होता.

ते मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचं प्रकरण, सोलर पॅनल लावून वावराला दिवसा लाइन द्यायचं. सबस्टेशन जवळ, म्हणून ई-क्लास. खाजगी वावर दिलं तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० भाडं, सरकारी जमीन मात्र नाममात्र १ रुपयात. वर पंचायतीला तीन वर्षं ५-५ लाख. सरपंचीणबाईंनी लगेच नालीचा हिशेब मांडला. मी नालीसाठी हात वर नाही केला बे. मला दिवसाची लाइन पाहिजे. अजूनही आठवड्यातले काही दिवस रातचीच पाळी असते. हरबऱ्याला पाणी द्यायला दोनला निघतो, धुऱ्यावर बॅटरी मारतो, आणि आधी तुझा दादा आठवतो. त्या रात्री मी सोबत जाणार होतो. तुला माहीत आहे. आबांनाही.

म्हणून संध्याकाळी गेलोच त्यांच्याकडं. म्हटलं, आबा, तुम्ही तरी?

"दादा रातच्या लाइनीनं गेला, हे तू मले सांगतं का बे? लाइन पायजेच. पण सबस्टेशनले लागून पाटलाचं पडीक हाय ना. ढोरायचंच तोंड काहून बांधता?"

काय बोलू? पाटलाला भाडं द्यावं लागतं, ई-क्लासला कोण मागतं? आणि खरी गोम अशी की दिवसाची लाइन वावरवाल्याला मिळणार, चारा जाणार तो बिनवावरवाल्याचा. हात वर करताना हे डोक्यातच आलं नाही. माझ्याकडं पाच एकर आहेत ना!

विरोधवालेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. एक पोट्टं मोबाइलवरून सुप्रीम कोर्टाचा २०११ चा निकाल वाचत होतं, गावाच्या सामाईक जमिनीवरचे कब्जे काढा म्हणून. त्याच्याच बापाचं दोन एकर अतिक्रमण तिथं. सगळे आभाळाकडं पाहत होते.

आपलं तेंभराचं झाड चुन्याच्या रेघेत आलं आहे. तू मला ढकललं होतंस, मी घसरलो नव्हतो, हे अजून कबूल करत नाहीस. आता साक्षीदारही जाईल.

तू तिकडं चंद्रपूरला २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या राखेत बसून हसशील. तुझ्या बढतीचं कळलं, अभिनंदन. पोरीची दहावी कशी चालली? वहिनींना नमस्कार.

जेसीबी परत गेला आहे, पण येईल. ठराव फिरवायला पुन्हा ग्रामसभा मागायची म्हणतात. मागणाऱ्यांच्या कागदावर सही कर म्हणून माझ्याकडंही आले होते. अजून केली नाही. नाही म्हणालोही नाही.

काल पुन्हा दोनची पाळी होती. बॅटरी घेऊन तुमच्या घरावरून निघालो, तर आबा अंगणात उभे. मला वाटलं, आता शिव्या.

"बूट घाल," म्हणाले, आणि आत गेले.

मी चपलीवरच होतो.

तुझा,
गज्या