तुझ्या भाडेकरूच्या कुत्रीविषयी

नेरूळ, नवी मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. घोडबंदर रस्त्यावरच्या तुझ्या फ्लॅटसाठी आलेले कुटुंब तुला पसंत आहे, परंतु त्यांच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या सोबतीला असलेली लॅब्राडोर कुत्रीही राहायला येणार म्हणून तू अडला आहेस, आणि ‘आमच्या सोसायटीत चालत नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवावे का, असे मला विचारतोस. होकार द्यायचा की नकार, हे तूच ठरव. पण सोसायटीच्या आडून नकार देऊ नकोस. या प्रकरणात खरी किल्ली सोसायटीकडे नसून घरमालकाकडे असते, हे मी ऐरोलीचे घर सोडावे लागले तेव्हा शिकलो.

आमचा खंड्या काही शिकवून तयार केलेला मदतनीस कुत्रा नाही. रस्त्यावरून उचलून आणलेले गावठी पिल्लू आहे. माझा उजवा कान पूर्ण गेलेला आणि डावा श्रवणयंत्राशिवाय निकामी, हे तुला ठाऊकच आहे. रात्री यंत्र काढून ठेवले आणि सौ. रात्रपाळीला गेली, की मी घरात असून नसल्यासारखाच. म्हणून तिने सहा महिने रोज संध्याकाळी दाराची बेल वाजवायची, आणि खंड्याने माझ्या मनगटाला नाक लावले की त्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा, असा क्रम ठेवला. आता बेल वाजली की तो येऊन ते ओले, गार नाक मनगटावर टेकवतो, मी उठेपर्यंत हटत नाही, आणि मग वळून वळून पाहत दाराकडे चालू लागतो. कुकरसाठी मात्र तिसऱ्या शिट्टीनंतरच येतो. पहिल्या दोन त्याने परस्पर माफ केल्या आहेत.

ऐरोलीच्या मालकांनी त्याला पाहून ‘काही हरकत नाही’ असे तोंडी म्हटले होते. एजंटने नेहमीचा मसुदा लॅपटॉपवर आणला, आम्ही अंगठे टेकवले, फोटो काढून घेतले, आणि ‘पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत’ हे त्यातले वाक्य कुणीच वाचले नाही. आठव्या महिन्यात वरच्या मजल्यावरून भुंकण्याची तक्रार आली, तेव्हा ते वाक्य मालकांना सापडले, आणि 11 महिने भरल्यावर करार पुढे वाढला नाही. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट शुल्क भरावे लागते, त्यामुळे अडून बसण्याची सोय नव्हती. मालकांना दोष तरी कसा देऊ? अंगठा माझाच होता.

नेरूळला आल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाळीव प्राण्यांवर बंदी घालणाऱ्या, सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत पुढे केली. या वेळी मी तयारीने गेलो होतो. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाने फेब्रुवारी 2015 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांची प्रत मी त्यांच्या हाती दिली. बहुमताने काय, एकमतानेसुद्धा सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्ट नाकारता येत नाही आणि निव्वळ भुंकणे हे बंदीचे कारण ठरत नाही, असे त्यात म्हटले आहे. या सूचना म्हणजे कायदा नव्हे, हे सेक्रेटरींनाही माहीत होते आणि मलाही. तरी कागद पाहिल्यावर सूर उतरला, आणि पट्टा सोडायचा नाही व घाण आपण उचलायची एवढ्यावर बोलणे मिटले.

परंतु त्या सूचना तुझ्यासारख्या मालकाला बांधत नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 यात स्वमग्नतेसह 21 प्रकारची दिव्यांगता धरली आहे, पण मदतनीस प्राण्यासह भाड्याच्या घरात राहण्याचा हक्क त्यात नावानिशी लिहिलेला नाही. तुझ्या कन्येने अमेरिकेचे सांगितले ते बरोबर आहे. तिथल्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे गरजेपोटी ठेवलेल्या अशा प्राण्याला, मग तो नुसता मानसिक आधारासाठी का असेना, मालकाला सहसा नाकारता येत नाही आणि त्याच्यापोटी वेगळे डिपॉझिटही मागता येत नाही. पण तिथला कायदा ठाण्यात चालत नाही. इथे त्या आईबापांजवळ तुझ्या शब्दाखेरीज काहीच नाही, म्हणून द्यायचाच असेल तर तो शब्द करारात लिहून दे: कुत्रीचे नाव, जात, रंग, आणि ती मुलाच्या गरजेसाठी घरात राहील हे वाक्य. एजंट ‘स्टँडर्ड फॉरमॅट आहे, बदलता येत नाही’ म्हणेल. तसे काही नसते, आमच्या आताच्या मालकीणबाईंनी पाच मिनिटांत बदलून घेतले.

तुझी काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा वास पडद्यांत बसतो, केस पंख्याच्या पात्यांपर्यंत पोहोचतात, आणि आमच्या दाराच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या उंचीवर नखांचे ओरखडे आहेत, ते निघताना मला भरून द्यायचे आहेत. तुझ्या करारातही नुकसान डिपॉझिटमधून वळते होईल असे लिही. कुत्रीच्या रेबीजच्या लसीची नोंद आणि महापालिकेचा परवाना पाहून घे. आणि फोनवर निकाल देण्याआधी एकदा त्या मुलाला आणि कुत्रीला एकत्र बघून ये.

त्याआधी रविवारी इकडे जेवायला ये. बेल मात्र एकदाच वाजव. दोनदा वाजवलीस की मला पहिल्यांदा कळलेच नाही असे खंड्या धरून चालतो, आणि मग नाकावर न भागता सदऱ्याची बाही दातांत धरून मला ओढत नेतो. दोन सदरे गेले आहेत.

तुझा,
शाळेतला बाकसोबती