सुपारी तोंडी नको, कागदावर घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहापुरात माझा साउंड सिस्टिमचा धंदा आहे. यात्रा, लग्नं, गणपती, कॉलेजांची गॅदरिंग, सगळीकडे आमचे बॉक्स आणि मिक्सर जातात. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली नवी पोरं काय ताकदीनं वाजवतात हे मला स्टेजच्या बाजूला बसून ऐकायला मिळतं. सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचा हा जिल्हा आहे. गळ्यात आणि हातात आपली पोरं कुठंच कमी नाहीत. मार खातात ती व्यवहारात, सुपारी म्हणजे कार्यक्रमाचं बुकिंग तोंडीच घेतात, आणि ते बघवत नाही म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात खानापूर तालुक्यातल्या एका यात्रेत आमचा साउंड होता. कार्यक्रम संध्याकाळी सातचा. सत्कार, फेटे, पाहुण्यांची भाषणं यातच नऊ वाजून गेले. गाणी रंगात आली आणि दहाला पोलीस हजर. यात त्यांची चूक नाही. 2000 सालच्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंदच ठेवावा लागतो. सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, तो दिवस त्यात नव्हता. पण नंतर पंच कमिटीनं ‘तासभरच वाजवलंत’ म्हणत ठरलेल्या पैशातले निम्मे कापले. गायक पोरगा मोबाइलवर जुने मेसेज वर-खाली करत उभा होता. त्यात सापडलं काय, तर ‘नक्की या’ आणि हात जोडल्याचं चित्र. रक्कम सगळी फोनवर ठरलेली. बाकीची पोरं खाली मान घालून केबल गुंडाळत होती. टेम्पोवाल्यानं भाडं मात्र पूर्ण घेतलं.

एक पान पुरलं असतं. तारीख, जागा, एकूण रक्कम, कार्यक्रम सुरू होण्याची वेळ, आणि आयोजकांमुळे उशीर झाला तरी पैसे पूर्ण मिळतील हे एक वाक्य. पोलीस परवानगी, लाईट, जनरेटर आणि साउंड कोणाकडे, तेही लिहा. निम्मी रक्कम सुपारी घेताना आणि उरलेली स्टेजवर चढायच्या आधी घ्या. पाऊस आला, कार्यक्रम रद्द झाला तर ॲडव्हान्सचं काय, हे आधीच बोलून टाका. चंदगड, सावंतवाडी किंवा चोर्ल्यातून गोव्याला जायचं असेल तर गाडीभाडं, जेवण आणि मुक्कामाची सोय वेगळी लिहा. आपल्या भागात हा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत असलेला बरा, म्हणजे पुढं कोणाला ‘मला वाचता आलं नाही’ म्हणता येत नाही.

सुपारी ठरवायला एकच माणूस ठेवा, आणि तो शक्यतो गायक नको. गायकाला गावोगावी मामा-काका भेटतात आणि भिडेपोटी दर खाली येतो. हिशोबाची वही सांभाळणारा, कोणाशी गोड बोलून ‘नाही’ म्हणू शकणारा मित्र असेल तर त्याला दहा टक्के द्या. माझ्या मते ते दहा टक्के सगळ्यात आधी वसूल होतात.

आता ग्रुपमधली गोष्ट. कीबोर्ड एकाच्या वडिलांनी घेतलेला, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) हप्त्यावर, हप्ते सगळ्यांच्या कमाईतून. ग्रुप फुटला की ऑक्टोपॅड कोणाचा? चांगली मैत्री यावरून तुटलेली मी बघितली आहे. भागीदारीत वाटे ठरवलेले नसतील तर 1932 चा भागीदारी कायदा नफा-तोटा समान धरतो. तुम्हाला वेगळं हवं असेल तर वेगळं लिहा. ग्रुपचं नाव कोणाकडे राहील तेही लिहा. कॉलेज किंवा कंपनीच्या कार्यक्रमाचे पैसे कमी आले म्हणून पोरं नाराज होतात. कापलेला असतो तो बहुतेक वेळा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, साधारण 10 टक्के, आणि पॅन दिला नाही तर 20. रिटर्न भरलं की जास्तीचा कापलेला कर परत मिळतो.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो गाण्यांसाठी. ओळखीतल्या एका पोरानं ग्रामदेवीवर गाणं लिहिलं, चाल लावली. एका चॅनेलवाल्यानं ठोक रक्कम हातावर ठेवून ‘सर्व हक्क’ लिहिलेल्या कागदावर सही घेतली. पुढं त्या पोरानं स्वतःच्याच कार्यक्रमाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर चॅनेलनं हक्क सांगून तो काढायला लावला. पोरांनो, सहीआधी थांबा. कॉपीराइट लेखी आणि सही केल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. कागदावर मुदत नसेल तर कायदा पाचच वर्षं धरतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणातल्या गाण्याच्या रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्याबद्दल मिळणाऱ्या पैशातला, गीतकार आणि संगीतकाराचा समान वाटा कंपनीला लिहून घेताच येत नाही. तो गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था मुंबईत 1969 पासून आहे. गीत लिहिणाऱ्यानं, चाल लावणाऱ्यानं तिचं सभासद व्हावं. आणि गाणं तयार झालं त्याच रात्री शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा किती वाटा हे वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

दुसऱ्यांची गाणी वाजवतानाही माहिती हवी. लग्नाची वरात आणि लग्नातले समारंभ यांना कायद्यात सूट आहे, तिथं परवाना लागत नाही. हॉटेल किंवा रिसॉर्टच्या तिकिटाच्या कार्यक्रमाला लागतो. तो काढायची जबाबदारी आयोजकाची, हे त्याच एका पानात येऊ द्या.

मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही हात जोडून सांगतो. मंडपवाल्याला, लाईटवाल्याला आपण पावती देतो, मग गाणाऱ्या पोरांना का नाही? ती आपल्याच गल्लीतली आहेत म्हणून त्यांचा घाम स्वस्त होत नाही.

संपादक महोदय, आपल्या दैनिकानं एखाद्या वकिलाकडून असा एक पानी करारनामा मराठी आणि कन्नडमध्ये तयार करून घ्यावा आणि गणपतीच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या आत कापून ठेवता येईल असा छापावा, ही विनंती.

आपला,
एक साउंड व्यावसायिक,
शहापूर, बेळगाव