‘मूळ आवृत्ती’ म्हणून पाठवलेल्या सदोष डीव्हीडीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ‘1991: द इयर पंक ब्रोक’ या माहितीपटाच्या डीव्हीडीची रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरील ‘मूळ अधिकृत आवृत्ती, सीलबंद’ हे वर्णन वाचून मी वरील डीव्हीडी 2,450 रुपये भरून मागवली. हाती आलेल्या डिस्कची मागची बाजू जांभळट आहे. कारखान्यात छापलेली डिस्क मागून चंदेरी असते. असा जांभळा रंग संगणकावर नक्कल उतरवून घेतलेल्या डिस्कचा असतो. तेवढ्यावर भागले असते, तर कदाचित मी हे पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडलो नसतो. परंतु खरे नुकसान आतल्या चित्राचे झाले आहे.

ऑगस्ट 1991 मध्ये सॉनिक यूथ या रॉक बँडने निर्वाणा या बँडला सोबत घेऊन युरोपचा जो दौरा केला, त्याचे चित्रण दिग्दर्शक डेव्ह मार्की यांनी सुपर 8 या अरुंद, हौशी कॅमेऱ्याच्या फिल्मवर केले. निर्वाणाला जगप्रसिद्ध करणारा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम बाजारात येण्यास तेव्हा महिनाभर अवकाश होता, आणि प्रसिद्धीपूर्वीचे निर्वाणा पाहायला मिळते, हेच या माहितीपटाचे मोल आहे. ही फिल्म जवळपास 4:3 (रुंदी : उंची) चौकटीची असते. आपण पाठवलेल्या प्रतीत आजच्या रुंद टीव्हीचा पडदा भरावा म्हणून ती 16:9 मापात बसवली आहे, म्हणजे वरून आणि खालून मिळून चित्राच्या उंचीचा चौथा हिस्सा कापून टाकला आहे.

मावसभावाने परदेशातून आणलेली या माहितीपटाची व्हीएचएस कॅसेट माझ्याकडे अजून आहे. दोन्ही शेजारी लावून पाहिले असता, झिजलेल्या कॅसेटवर गायकाचा चेहरा आणि गिटारवरची बोटे एकत्र दिसतात, तर आपल्या डिस्कवर त्याच प्रसंगी कपाळ वर कापले जाते आणि बोटे खाली नाहीशी होतात. शिवाय फिल्मच्या चित्रात मुळातच दिसणारे बारीक कण ‘साफ’ करण्याच्या नादात चेहरे मेणाचे झाले आहेत. गोंगाटाच्या संगीताला असे इस्त्री केलेले चित्र शोभत नाही, हे माझे मत बाजूला ठेवले तरी वर्णनात या बदलांचा उल्लेख नव्हता, ही वस्तुस्थिती राहतेच.

आपल्या प्रतिनिधीने ‘चित्र पडदाभर दिसते, त्यामुळे दोष नाही’ असे कळवून रक्कम परत करण्याची माझी आधीची विनंती बंद केली. मी चित्र लहान दिसते अशी तक्रार केलीच नव्हती.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणे व महिनाभरात तिचे निवारण करणे आपणांस बंधनकारक आहे. त्या मुदतीत पूर्ण रक्कम परत करावी, डिस्क स्वखर्चाने न्यावी आणि संकेतस्थळावरील वर्णन दुरुस्त करावे, अन्यथा मला जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल. पावती, डिस्कच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि एकाच प्रसंगाच्या दोन चौकटी सोबत जोडल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक, पुणे